वॅट वाढले, आवाज नाही

प्रिय वर्षा,

मोबाइलवर एवढं लांब टाईप करणं माझ्यानं होत नाही, म्हणून कागदच घेतला. इकडं फुलसावंगीत कापूस वेचणी चालू आहे, लग्नसराई तोंडावर आली आहे, आणि आपल्या मंडप-साउंडच्या धंद्यात मी एका कोड्यात अडकलो होतो. तुला सांगण्यासारखंच आहे. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसायचीस ना!

आपल्या स्पीकरचा आवाज मला बरेच दिवस कमी वाटत होता. म्हणून अडीचशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून पाचशेचा आणला. वाटलं, आता दुप्पट घुमणार. फरक पडला जेमतेम. असं काहून व्हावं? यवतमाळच्या दुकानदाराला विचारलं, तर त्यानं आधी आपल्या स्पीकरचं मॉडेल विचारलं. म्हणाला, "हरिसिंगभाऊ, वॅट दुप्पट केले तं आवाज तीनच डेसिबल वाढते. तुमचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर दूर, अठ्ठ्याऐंशी डेसिबल देते. हा पाहा, अठ्ठ्याण्णववाला. तुमच्या स्पीकरले शंभर वॅट लागतात, तिथं याले दहाच पुरतात."

माझा काही विश्वास बसेना. ते स्पीकर आणले आणि तांड्यामागच्या मोकळ्या रानात मुद्दाम जुना, लहान अ‍ॅम्प्लिफायर जोडला. तुझा धरमसिंगकाका पार नाल्याच्या काठी जाऊन उभा राहिला. मी बटण थोडं फिरवलं, तसे त्यानं दोन्ही हात हलवले. मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणतोय. अजून वाढवलं. तो धावतच आला, "बंद कर भिया, कान फाटून राह्यले!" तुझी आई, आपली याडी, कानांवर हात दाबून अंगणात आली होती. आणि मी स्पीकरच्या शेजारी उभा होतो, मला तो आवाज बेताचाच वाटत होता.

दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं. पण धरमसिंगनं त्याच आठवड्यात मला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं.

त्यांनी तपासलं. इतकी वर्षं मोठ्या आवाजाजवळ उभं राहून दोन्ही कान अधू झालेत. ढोल ऐकू येतो, बारीक आवाज विरून जातात. आता कार्यक्रमात आवाज किती ठेवायचा ते धरमसिंग ठरवतो. माझं कानाचं मशीन सांगितलं आहे, यायला वेळ लागेल.

तू याडीला विचारलंस म्हणे, "मी त्या स्थळाला नाही म्हटलं म्हणून बापू रागावले काय? माझा फोन आला की याडी, तुझ्याच हातात काहून देतात?" नाही गं पोरी. तुझं बोलणं मला फोनवर समजत नाही. हो-हो करून चुकीच्या गोष्टीला हो म्हणायची भीती वाटते, आणि तुला हे सांगायची त्याहून जास्त. स्थळाचं तू ठरवलंस ते बरोबरच केलंस. फक्त त्यावेळी फोनवर तू मला जे काही बोललीस, ते मला एकदा लिहून पाठव. मी त्यातलं काहीच ऐकलेलं नाही.

तुझाच,
बापू