काढ्याचं मातीचं भांडं

म्हाताऱ्या माकडा,

पेज झाकून ठेवलीय, मासा तेवढा तळून घे. काल म्हटलं तशी मी बहिणीकडे नाही, हॉस्पिटलात चाललेय. पुढे डायलिसिस लागणार, म्हणून आज हातातल्या शिरा जोडून ठेवणार आहेत. तुला सांगितलं असतं, तर माझूदेवीच्या देवळात कौल लावत बसला असतास, ती 'हो' म्हणेपर्यंत. आता तिच्याही हातात काही नाही. किडनी दुखत नाही रे, गुपचूप वाळत जाते. पाय सुजले तेव्हा आपण म्हटलं, वय झालं. गेलेली परत येत नाही, आणि उरलीसुरलीही जाणारच.

माझ्या कंबरेसाठी तू रोज संध्याकाळी ज्यात काढा उकळायचास, ते भांडं घासून माळ्यावर टाकलंय. खाली काढू नकोस. त्या काढ्यातली एक मुळी किडनीलाच खाते म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतकी वर्षं हा काढा दिला कुणी?"

मी म्हटलं, "माझी मीच करून प्यायचे. नवरा तर ओरडायचा."

दुपारी लेकीचा फोन येईल. तिलाही हेच सांग, की तू ओरडायचास.

सिउ-लान