कुंदाताईंच्या पत्राचे मार्क

८ एप्रिल
होळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही. माफी कुणाची मागायची, वही माझीच. तरी मागते, कारण न लिहिण्याचं कारण आळस एवढंच होतं.

आज लिहायला बसले ती चिडून. प्रवीणभाईंनी, म्हणजे आमच्या शाळेच्या गुजराती ट्रस्टींनी, केबिनमध्ये बोलावलं. आपली मराठी पहिली ते पाचवी जूनपासून इंग्रजी माध्यमाची होणार. तिथे शिकवणाऱ्या पाचही जणांची इंग्रजीची परीक्षा घ्यायची. वाचन, लेखन, व्याकरण, शब्दसंग्रह, प्रत्येकी दहा मार्क. वीसला पास. पेपर मी काढायचा, मीच तपासायचा, कारण वरच्या वर्गांना इंग्रजी मी शिकवते.

“सर्वांबरोबर रोज डबा खाते मी,” म्हटलं. “बाहेरचं कुणी बघा.”
“बेन, आ तो बस फॉर्मालिटी छे.”

हो म्हणून आले. ‘नाही’ का म्हणाले नाही?

१० एप्रिल
स्टाफरूममध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. पाटील सरांनी खमण आणलं. मी एक तुकडा उचलला तर लगेच, “मॅडम, आयएमपी तरी सांगा.” बावीस वर्षं पोरांना हमखास येणारे प्रश्न खुणा करून दिले, आता स्वतःलाही तेच हवंय. तुकडा परत ठेवला. उष्टा. मग तर जास्तच हसले सगळे.

कुंदाताईंनी काही मागितलं नाही. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. एवढंच म्हणाल्या, “निबंध येईल ना गं? मग मी निबंधच पाठ करते. लेक घेते म्हणाली पाठ करून.”
“ताई, पाठ करून लेखन येत नाही.”
“तुला कसं आलं?”

मी खडू-डस्टर उचललं. घंटा झाली होती.

१४ एप्रिल
सुट्टी. उधन्याला मिरवणूक बघायला गेले. कोपऱ्यावर कुंदाताई पांढऱ्या साडीत ताक वाटत होत्या. मला बघून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं अहिराणीत, “जय भीम! हाई मन्ही मास्तरीण शे, माले परीक्षाले बसाडी ऱ्हायनी!” बायका हसल्या. मीही.

मग पातेल्यापलीकडून हळूच, “सुनंदा, नापास झाले तर खरंच घरी का?”
“फॉर्मालिटी आहे म्हणाले.”
“मला घरी बसवत नाही गं. पहिलीच्या पोरांशी बोलायची सवय लागली, मोठ्या माणसांशी दोन वाक्यांपुढे जमत नाही.”

ताक आंबट होतं. दोन ग्लास प्याले.

१७ एप्रिल
परीक्षा झाली. पंखा बंद, उकाडा. लेखनाला मुद्दाम निबंध दिला नाही. त्यांच्या कामाचं काहीतरी द्यावं म्हणून पत्र दिलं: वर्गातला मुलगा आठवडाभर आलेला नाही, त्याच्या पालकांना लिहा. मला वाटलं, हे तर सोपं. रोज तोंडी करतातच.

कुंदाताईंनी सगळ्यांच्या आधी पेपर दिला. “सोपा काढलास,” म्हणाल्या.

१९ एप्रिल
तपासलं. चौघे पास, पाटील सर तर बरेच वर. राहिल्या कुंदाताई. वाचन आठ, व्याकरण चार, शब्दसंग्रह पाच. सतरा. म्हणजे पत्राला तीन मिळाले की सुटलं. तीन कुणालाही मिळतात, असं मनात म्हणत पान उलटलं.

‘डियर पॅरेंट, युवर सन इज अ‍ॅबसेंट. युवर सन इज माय बेस्ट फ्रेंड. ही इज टॉल अँड फेअर. ही गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. ही हेल्प्स मी इन माय स्टडीज. हिज फादर इज अ डॉक्टर.’

बापालाच लिहिलंय की त्याचा बाप डॉक्टर आहे! असं पानभर, मोत्यासारख्या अक्षरात, एक चूक नाही. शेवटी, ‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ माय बेस्ट फ्रेंड. सेंड हिम टुमारो.’

हसले, मग राग आला, मग आणखी राग आला की हसले. शून्य लिहिलं. शून्याभोवती गोलही केला. गोल कशाला केला?

२० एप्रिल
रविवारसारखा रविवार गेला नाही. नवऱ्याला, अरुणला सांगितलं. कडोदऱ्याच्या मिलमध्ये सुपरवायझर, त्याला सगळं सरळ दिसतं.
“दे की तीन मार्क. तुझ्या बापाचं काय जातं?”
“तुमच्याकडे ताग्यात तीन मीटर कापड कमी भरलं तर चालतं?”
“चालतं,” म्हणाला. “रोज चालतं.”

ह्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण खरं सांगायचं तर तो हो म्हणेल म्हणूनच विचारलं होतं. आणि हो म्हणाला तर मला आवडलं नाही.

२१ एप्रिल
मधल्या सुट्टीत कुंदाताईंनी पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. निकाल सांगायचा नाही असं ठरवलं होतं, पण तोंड बघून ओळखलं त्यांनी.
“पत्र चुकलं का?”
“ताई, तो निबंध होता.”
“पण वळवला ना मी. तूच दहावीच्या पोरांना सांगतेस, विषय कुठलाही येऊ दे, येतोय तो निबंध तिकडे वळवायचा. पलीकडच्या वर्गात मला ऐकू येतं सगळं. आता इंग्रजी चुकलं का ते सांग.”
“इंग्रजी नाही चुकलं.”
“मग मार्क कशाचे कापले?”
“विचारलं ते लिहिलं नाही म्हणून.”
“लिहिलं नाही कसं? पोरगं येत नाही हे सांगितलं. उद्या पाठवा हेही सांगितलं. मधे चार चांगल्या गोष्टी सांगितल्या पोराच्या. आईबापाला पत्र लिहिताना चांगलं सांगायचं नाही का वं?”

एक पोरगी नाक गळत मधेच आली. कुंदाताईंनी बोलता बोलता पदराने तिचं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, बघते. ‘बघते’ म्हणजे काय? मलाच माहीत नाही.

२२ एप्रिल
प्रवीणभाईंकडे गेले. विचारलं, कुणी एखाददोन मार्कांनी राहिलं तर? म्हणाले, तर जूनपासून वर्ग नाही, नवीन मुलगी बघून ठेवली आहे.
“तुम्ही फॉर्मालिटी म्हणाला होता.”
“फॉर्मालिटी तो छे ज. पण फॉर्मालिटी पूरी तो करवी पडे ने, बेन.”
“मग तुम्हीच एकदा पेपर बघा.”
“मने अंग्रेजी नथी आवडतुं. तमे लखो ए साचुं.”

मी लिहीन तेच खरं म्हणे. चहा पाजला. म्हणजे ह्यांना इंग्रजी येत नाही, कुंदाताईंना येत नाही, आणि दोघांच्या मधे मी एकटी खरी. परवा सकाळी मार्क त्यांच्या टेबलावर हवेत.

२३ एप्रिल
परीक्षेआधी मीच लिहिलेली गुणांची वाटणी आज काढून बघितली. पत्राचे पाच मार्क ‘निरोप वाचणाऱ्यापर्यंत पोचला’ ह्याचे, बाकीचे भाषेचे आणि मांडणीचे. त्या हिशेबाने शून्य बसतच नाही. शून्य मी रागाने दिलं, पाठांतराचा राग. भाषेचे मार्क आता द्यावेत, तर ती भाषा त्यांची नाही. एक मार्क मांडणीचा, तो बिनतक्रार देता येतो. राहिले निरोपाचे.

पोचला का निरोप? मला सांगता येत नाही. तो निबंध मला इतका पाठ आहे की पत्र वाचायला घेतलं की निबंधच दिसतो. आणि मला कुंदाताई हव्या आहेत, म्हणून माझ्या ‘पोचला’वरही माझा विश्वास नाही.

पहिलीतल्या ओमची आई बारावी झालेली आहे. साड्यांच्या पार्सलांवरचे इंग्रजी पत्ते दिवसभर वाचते. तिला कुंदाताई पास की नापास हे माहीत नाही. ती म्हणाली मुलाला शाळेत पाठवायला सांगितलंय, तर पोचला, पाचही मार्क द्यायचे. ती म्हणाली, हा डॉक्टर कोण, तर नाही पोचला, अठरावरच राहिल्या. मग मला वाईट वाटलं तरी नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तिचं उत्तर ऐकून माझं मत फिरायला नको.

आपली परीक्षा एका आईवर ढकलतेय, हेही कळतंय. पण पत्र आईबापालाच तर लिहायला सांगितलं होतं.

उद्या सकाळी, मार्क टेबलावर ठेवायच्या आधी: पत्र, नाव न घालता, माझ्या अक्षरात उतरवून ओमच्या आईला वाचायला देणे.