डाव्या गुडघ्याची चिठ्ठी

मॅडम, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा तुमच्याबद्दल चांगलंच बोलायची सक्ती माझ्यावर उरलेली नाही. शोकसभेत जो तो तुम्हाला शिस्तीच्या म्हणत होता. मी मागे बसून चहा प्यायले आणि निघाले. शिस्तीच्या कसल्या, भित्र्या होतात तुम्ही.

अंधेरीच्या त्या हॉस्पिटलातला तळमजल्यावरचा आपला फिजिओथेरपीचा विभाग. माझ्या इंटर्नशिपचे शेवटचे दिवस. अ‍ॅनाटॉमी, हजेरी, जर्नलं, परीक्षा सगळं पार पडलेलं. विभागप्रमुख म्हणून तुमची सही झाली की डिग्री, आणि डिग्री दाखवली की विक्रोळीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी. वडिलांची गिरणी बंद पडलेली, जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत सगळे त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले. आणि तुम्हाला त्या सहीचा केवढा तोरा! "ही सही म्हणजेच तुमचं लायसन्स," म्हणायचात. कसलं लायसन्स? तेव्हा आपल्या पेशाला ना कौन्सिल होतं, ना नोंदणी. घाटकोपरला एक मालिशवाला फिजिओथेरपिस्टची पाटी लावून खुशाल बसला होता, त्याला विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही मात्र नखं वाढली म्हणून वॉर्डाबाहेर उभ्या.

एका सकाळी वेसाव्याची एक मासे विकणारी मावशी येते. उजव्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालंय, गुडघा लाकडासारखा ताठ, आणि बाजारात उकिडवं बसल्याशिवाय तिचा धंदा होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलंय, डावा गुडघा, शेक आणि व्यायाम. मी चिठ्ठी तुमच्यापुढे धरते. तुम्ही मावशीचा पाय बघता, चिठ्ठी बघता आणि म्हणता, "डावा लिहिलाय ना? मग डावा शेक. आपण डॉक्टर नाही."

"अगो बाय," मावशी म्हणते, "मोडलाय ह्यो, न् शेकताव त्यो?"

तुम्ही तोंड फिरवलंत. डॉक्टर एक जिना वर बसले होते. चूक दाखवली तर ते चिडतील, एवढीच तुमची भीती. आम्हाला दिवसभर दरडावणारी बाई एक जिना चढायला घाबरत होती, आणि त्यापायी एका कष्टकरी बाईचा धडका पाय शेकायला तयार होती. किळस आली मला तुमची. मी वर गेले. डॉक्टर म्हणाले, "अरे बापरे, वाटच लागली असती! बरं झालं आलीस," आणि डावा खोडून उजवा लिहिला. संपलं.

तुमचं संपलं नाही. "मला डावलून वर गेलीस? समजतेस कोण गं स्वतःला?" सगळ्या मुलींदेखत. वर्तणुकीचं कारण काढून सही अडवलीत, इंटर्नशिप वाढवलीत. तोवर विक्रोळीची जागा भरली. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तुम्ही गेल्यावर राज्यात कौन्सिल आलं, माझी रीतसर नोंदणी झाली. जन्मभर लायसन्सच्या बाता मारणाऱ्या तुमची कधी झालीच नाही. हे आठवलं की मला अजून बरं वाटतं. आता मीही शिकवते. दर वर्षी ही गोष्ट वर्गात सांगते, तुमची नक्कल करते, पोरं पोट धरून हसतात. गोष्टीच्या शेवटी मी मावशीचा गुडघा वाकवते, ती उकिडवी बसून दाखवते आणि वर्ग टाळ्या वाजवतो.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा इथे तरी खोटं कशाला लिहू? तो गुडघा माझ्याने वाकला नव्हता. मी कितीतरी दिवस झटले, मावशी नुसती कळवळायची. मग एका सकाळी तुम्ही मला कोपरानं बाजूला सारलंत, तिची टाच एका हातात घेतलीत, दुसरा हात गुडघ्यावर ठेवलात आणि पापलेटचा भाव विचारू लागलात. ती तावातावानं भाव सांगत राहिली आणि गुडघा वाकत गेला. असे हात असलेल्या बाईनं एका चिठ्ठीला भ्यावं, हे मला आजही सहन होत नाही. तसे हात मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत. माझेही तसे झाले नाहीत.