बिघाड क्रमांक दोन: आई ओरडली

३ मार्च, मंगळवार
फोन आला! पंपांचे कंट्रोलर बनवणारी कंपनी, जिथे अर्ज केला होता. तुम्ही घरी बनवलेला पंपाचा बोर्ड आणि त्याचा प्रोग्रॅम पाठवा, आवडलं तर मुलाखत. जागा एकच. चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसणाऱ्या मला! आई म्हणाली, "चांगली नोकरी सोडून खेळणी करत बसणार?" बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून ते कमीच बोलतात. सोल्डरिंग त्यांनी मला शिकवलं, प्रोग्रॅम मी त्यांना. तरी माझा प्रत्येक जोड भिंगातून बघून नाक मुरडतात.

५ मार्च
पाठवलं.

६ मार्च
मेले! प्रोग्रॅम तपासताना गंमत म्हणून घातलेले संदेश काढायचेच राहिले. पंपाचा सेन्सर गप्प झाला की स्क्रीनवर 'बाबा झोपले'. टाकी भरली की 'आई ओरडली'. बोर्ड तसाच कंपनीत गेलाय. पाच वर्षांचा छंद — आणि अब्रू गेली ती घरच्यांपायी.

९ मार्च
बुधवारी मुलाखत. हसायला बोलावलं असणार. बाबांना सांगितलं. "बरं," म्हणाले.

१० मार्च
बाबांनी संध्याकाळभर प्रश्न विचारून पिळून काढलं. मी चुकले की चक्क खूश होतात!

११ मार्च, बुधवार
मुलाखत घेणाऱ्या टकल्या साहेबांनी बोर्ड त्यांच्या चाचणीच्या टाकीला जोडला. स्क्रीनवर उमटलं — आई ओरडली. मी मान खाली घातली.
"टाकी रिकामी आहे. आई उगाच का ओरडते?"
तोंडातून निघून गेलं, "उगाच नाही ओरडत, सर. तुमची टाकीची वायर बघा. वायर तुटली तर टाकी भरली असं धरून पंप बंद करायचा, असं लिहिलंय मी."
बघितलं. त्यांच्याच वायरचं सोल्डर सुटलेलं! साहेब हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

१६ मार्च
मिळाली! मिळाली! आईला संदेशांचं सांगितलं. ओरडली.

१ एप्रिल
पहिला दिवस. कागद भरून घेणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "तुमच्या पत्त्यावरून दोन अर्ज होते ना? दुसऱ्यांनाही मुलाखतीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी सकाळीच फोन करून त्यांनी नाव काढून घेतलं."
नाव बाबांचं होतं.
घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "जमेल ना काम?"
मी हो म्हणाले, आणि माझा पुढचा बोर्ड तपासायला भिंग त्यांच्या हातात दिलं.