आधी पट्टा, मग डोंगर

मल्हारगंज, इंदूर
२ एप्रिल २०२५

चि. अनीश यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. पाडव्याला तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही, त्याचा राग धरू नकोस. गुढी यंदा लहानच उभारली. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? मंजिरी वहिनींना म्हणावं, पुण्याच्या जिन्यांशी भांडण नको, लिफ्टने जा.

अक्षर बघून हसू नकोस. तुला पाढे लिहायला मीच शिकवलं आणि आता माझंच अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं आहे. पेन नवं आहे असं समज. कागदाच्या मागच्या बाजूला काही छापलेलं दिसेल, ते शेवटी बघ.

ऊन आत्ताच एवढं तापलंय की बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यामुळे आपल्या हिमांगणात, बर्फाच्या उतारावर, गर्दी आहे. माणसांना वर नेणारा सरकता पट्टा बंद असूनही आहे, हे तू लक्षात घे.

तुझी यादी मिळाली. ‘हिमांगण : भविष्यातील सुधारणा व विस्तार’. दहा बाबी, प्रत्येकीपुढे चौकोन, चौकोनात एक ते दहा आकडा भरा. तू तो फॉर्म फोनवर पाठवलास, मी भरला नाही. मग छापून पाठवलास, तोही भरला नाही. आकड्यांना मी भीत नाही बाबा, सदतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. पण दहा पदार्थांचं ताट वाढलं आणि मीठच विसरलं, तर त्यातला पहिला पदार्थ कुठला आणि दहावा कुठला, हे कोण सांगणार?

दुसरा उतार, पहिल्याच्या दुप्पट उंच. चाळीस खोल्यांचं हॉटेल. काचेच्या भिंतीचा कॅफे. बर्फावर रंगीत दिवे. अरे, स्की पायाला बांधून खरोखर घसरणारी माणसं आपल्याकडे महिन्यात किती येतात? महूकडचे दोन-चार फौजी आणि कॉलेजातली हौशी मुलं. बाकी सगळे हातोद, देपालपूर, उज्जैनहून येतात, बर्फावर उभे राहतात, फोटो काढतात, पडतात, हसतात, एकमेकांच्या मानेत बर्फ घालतात आणि भुट्ट्याचा कीस खाऊन घरी जातात. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला बर्फ असतो. तुझ्या यादीत ती माणसं कुठेच नाहीत.

म्हणून मार्चमध्ये मी बारा दिवस बाहेरच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, इथे आता काय हवं? मी विचारत होते, आपली पट्टा चालवणारी यामिनी वहीत लिहीत होती. हातोदच्या मंडीतले एक आडते म्हणाले, “मैडमजी, बर्फ तो एक नंबर है, पर अम्मा को बिठाएँ कहाँ?” विजयनगरात राहणारी, नुकतीच सोलापूरहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी म्हणाली की मोजे ओले मिळाले, पाय अजून बधिर आहेत. बूट घालताना बसायला बाक नाही, हात शेकायला जागा नाही, असं निम्म्या लोकांनी सांगितलं. दुसरा उतार एकानेच मागितला आणि तो फौजी होता. वही ठेवली आहे. आलास की बघ.

तुझे बाबा काय म्हणायचे आठवतं? अशोकचं कोल्ड स्टोरेज होतं तेव्हा तू सुट्टीत तिथे यायचास आणि बटाट्याच्या पोत्यांवर चढून बसायचास. व्यापारी त्याच्या मागे लागायचे की दुसरं गोदाम बांध. तो म्हणायचा, आधी पहिल्याचं दार नीट लागतंय का बघू. एक दार बोटभर उघडं राहिलं तर अर्धा माल सडतो, हे त्याने सोसलेलं होतं. त्याच गोदामात त्याने म्हातारपणी बर्फाचा उतार केला तेव्हा सगळं मल्हारगंज हसलं. मीसुद्धा हसले. पण दाराच्या बाबतीत त्याला हसायची कोणाची हिंमत नव्हती.

आता नऊ नंबरच्या बाबीवर येते. इतका वेळ तिच्याभोवती फिरत होते, तुझ्या लक्षात आलंच असेल.

‘पट्टाचालक यामिनी यांना निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी करणे.’ तू त्याचं पत्रही तयार करून पाठवलंस, तीन प्रती, खाली पिवळी चिठ्ठी, ‘येथे सही’. सोबत विस्ताराच्या अर्जावरही पिवळी चिठ्ठी. आपल्या दोघा भागीदारांच्या सह्या झाल्या की वीस तारखेला भूमिपूजन. किती घाई रे तुला.

जानेवारीत मी तुला फोनवर सांगितलं होतं की हळदीकुंकवाच्या दिवशी सरलाकाकूंचा पदर पट्ट्यात अडकला, थोडा फाटला, यामिनी केबिनमध्ये नव्हती. त्यावर तू हे पत्र तयार केलंस. तू ऐकलंस तेवढ्यावर तुझं बरोबर होतं. मी सांगितलं तेवढंच चूक होतं.

आता नीट ऐक.

संक्रांतीचं हळदीकुंकू बर्फावर करायचं ही माझीच टूम. मल्हारगंज आणि बडा गणपतीकडच्या चाळीस बायका आल्या. नऊवारी, सहावारी, त्यावर आपली भाड्याची निळी जाकिटं, पायात ते जड बूट. काय दिसत होत्या! जाजम मी वर, उताराच्या माथ्यावर घातलं, म्हणजे सगळ्यांना सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर येण्याची मजा मिळेल. माथ्यावर पट्टा संपतो तिथेच जाजम सुरू.

तुझ्या कुठल्या कंपनीच्या माणसाला सुचलं नसतं ते तिथे घडलं. पट्ट्यावरून उतरलेली प्रत्येक बाई पहिलं काम काय करते? बूट काढते! मी ओरडले, “काकू, बूट राहू द्या, पाय गारठतील.” सरलाकाकू म्हणाल्या, “अगं, पायात बूट घालून कुंकू लावून घेऊ? पागल झालीस काय, शैला?” आणि मला ते पटलं. मीही माझे काढले. पट्ट्याच्या तोंडाशी बुटांचा ढीग, आणि मागून बायका येतच होत्या.

वरच्या केबिनमध्ये यामिनी होती. पट्टा थांबवायचं बटण तिथेच आहे, एकच. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हापासून तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. मला तरी माझ्या आयुष्यात कोण बोलावत होतं? बिनलग्नाची बाई, तिळगूळ हातावर ठेवायचे आणि कुंकवाची वाटी पुढच्या बाईकडे सरकवायचे. म्हणून आपल्याकडे सगळ्यांना कुंकू, हे मी ठरवून केलं होतं. मी केबिनच्या काचेवर टकटक केली. ती म्हणाली, “ताई, पट्टा चालू आहे ना. मी सोडून कशी येऊ? रहने दो ना.” मी म्हटलं, “दोन मिनिटं. कुंकू लावल्याशिवाय तुला सोडणार नाही.” तिने बूट काढले आणि आली. कपाळावर कुंकू लावलं तेव्हा तिचे डोळे भरले, आणि अनीश, त्या दोन मिनिटांत मी फार खूश होते.

तेवढ्यात मागे सरलाकाकू मोज्यांवर घसरल्या आणि पट्ट्याच्या तोंडाशी बसल्या. पट्टा जिथे खाली वळतो तिथे बोटभर फट आहे. पदर त्यात गेला आणि गळ्याला ओढ बसायला लागली. यामिनी केबिनकडे पळाली. दहा पावलं. मोज्यांवर, बर्फावरून. पडली, उठली, परत पडली, शेवटी रांगत गेली आणि बटण दाबलं. तोवर मी पदर ओढून काढायला फटीत हात घातला होता.

काकूंचा गळा वाचला. मनगट मुरगळलं होतं, आता त्या लाडू वळतात. माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

हे आहे नवं पेन. म्हणूनच मी तुझ्या व्हिडिओ फोनला चेहरा दाखवते, हात दाखवत नाही, आणि अलीकडे चेहराही दाखवत नाही. वेणी घालायला यामिनी रोज सकाळी येते. ब्लाउजची बटणं ती लावते. डावा हात शिकतोय, पण हट्टी आहे, माझ्यावर गेलाय.

का लपवलं? भीती वाटली. तू म्हणशील, आत्या म्हातारी झाली, आता तिने घरी बसून वाती वळाव्यात. तुझ्या यादीची दहावी बाब ‘व्यवस्थापनात तरुण नेतृत्व’ अशी आहे, ती माझ्या नजरेतून सुटलेली नाही. शिवाय लाज वाटली. वर्गात खडू कोणी फोडला ते उभं राहून सांगा, असं आयुष्यभर मुलींना दरडावलं, आणि स्वतःवर आलं तेव्हा दुसऱ्या बाईचं नाव पुढे केलं. यामिनीला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही बोलावलं होतं हे मी कोणाला नाही सांगितलं. आप टेंशन मत लो.” दोन रात्री मी झोपले नाही. तुझ्या बाबांच्या वेळी ती तिथे बटाटे निवडायची. चौदा वर्षं झाली. बोटं गेली तेव्हा रडले नव्हते, तिच्या त्या वाक्याला रडले.

तेव्हा ऐकून ठेव. यामिनीला कुंकवाला बोलावलं याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही, पुढच्या संक्रांतीलाही बोलावीन. पट्टा बंद न करता बोलावलं, ही चूक माझी. जिला शिक्षा द्यायची असेल ती इथे मल्हारगंजात बसली आहे, ये आणि दे. पण चाळीस बायकांचा जीव एका केबिनमधल्या एका बटणावर टांगलेला ठेवला, ही चूक माझी एकटीची नाही. ती फट मी चार वर्षं पाहत होते, आणि तूही दर दिवाळीला तिच्यावरून उतरत होतास.

आता माझा क्रम. चौकोन नाहीत, त्यामुळे सरळ लिहिते. आधी पट्टा: पूर्ण लांबीला बाजूने दोरी, कुठूनही ओढली की थांबेल अशी, आणि ती फट बुजवायची. वर उतरायला मोकळी जागा आणि बूट काढायची वेगळी जागा, बाकासकट, कारण आपली माणसं बूट काढणारच. पाटी लावून ती ऐकणार नाहीत, मीच ऐकलं नाही. मग कोरडे मोजे. मग म्हाताऱ्यांसाठी उबदार खोली, काचेची भिंत तिला लाव हवी तर, म्हणजे अम्मांना आत बसून नातवंडं पडताना दिसतील. दिवे नंतर. हॉटेल त्यानंतर. आणि दुसरा उतार तेव्हा, जेव्हा पहिल्यावरून सरलाकाकू एकट्या वर जाऊन, कुंकू लावून, एकट्या खाली येतील. त्यांना मी विचारलं, परत याल का? म्हणाल्या, “येईन की. पण बूट मी काढणारच हो!”

पट्टा मी त्या दिवसापासून बंद ठेवला आहे. तुला ‘देखभाल चालू आहे’ म्हणून सांगितलं, तीही थाप. तू माणूस पाठवून तो सुरू करायला लावशील तर केबिनची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती काढायला तुला स्वतः यावं लागेल, आणि आलास तर आधी माझा हात बघावा लागेल.

तुझ्यावर राग नाही रे. तुझी स्वप्नं मोठी आहेत, अशोकची होती तशीच, आणि मला ती आवडतात. डोंगर बांध, मी पहिली चढेन. पण या पट्ट्यावरून नाही.

विस्ताराचा अर्ज सहीशिवाय परत पाठवते आहे. माझी जुनी सही आता मलाही जमत नाही. गेला आठवडाभर डाव्या हाताने नवी गिरवते आहे, आज पहिल्यांदा धड आली. यामिनीच्या पत्राच्या तिन्ही प्रती तुला परत मिळाल्या आहेत, तू त्याच वाचतो आहेस. कागद जाड आणि चांगला होता, कोरी बाजू वाया घालवणं जिवावर आलं. पिवळी चिठ्ठी मागच्या बाजूला आहे. सही मी या बाजूला केली आहे, नीट ओळखून ठेव, यापुढे हीच चालेल.

तुझी आत्या,
शैलजा