‘पुढे वाचा’ दाबण्याविषयी आत्याला

रेवदंडा, १४ मार्च

तीर्थरूप आत्यास,

नेत्राचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण हरिहरेश्वरच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरल्यापासून उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच स्वीकारावा. तुमची साखर किती आहे, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आणि अलिबागला पाणी रोज येतं की एक दिवसाआड, ते कळवावं. कागदावर पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला पाठवलेलं अर्ध्या मिनिटात अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत सगळ्या घरांत पोचतं, म्हणून. (या पत्राचा फोटो काढून पाठवू नये. खरंच नको.)

आमच्या महिला महाविद्यालयाचं नियतकालिक यंदापासून ऑनलाइन निघालं. निघालं म्हणजे मला काढायला लावलं. मी मराठी शिकवते आणि माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मला वेळच वेळ आहे, असा प्राचार्यांचा हिशेब. दोन महिने मुलींच्या मागे लागून सतरा लेख जमवले. (शिवाय चार ‘मोबाईल शाप की वरदान’ आले होते, ते प्रेमाने परत केले.) मराठी भाषा दिनाला उद्घाटन ठरलं आणि आदल्या आठवड्यात प्राचार्यांना सुचलं, की प्रत्येक लेखिकेचा फोटो आणि परिचय हवा. मी मुलींना सांगितलं, उद्या आपापला परिचय टाइप करून आणा, कॉम्प्युटर लॅबचे सदाभाऊ तो चढवतील. एवढं बोलून मी शिबिराच्या मुलींना घेऊन हरिहरेश्वरला गेले. तिथे फोनला रेंज नव्हती. माझी चूक असेल तर ती एवढीच, आणि ती मी आधीच कबूल करते आहे, म्हणजे तुम्ही शेवटी काढायला नको.

आमच्याकडे टाइप करायचं म्हणजे एस.टी. स्टँडसमोरचं विनेशचं झेरॉक्सचं दुकान. विनेशच्या कॉम्प्युटरवर मुलीच्या परिचयाचा एकच नमुना आहे. तो उघडायचा, नाव बदलायचं, वीस रुपये. मी लंगडत परत आले तेव्हा उद्घाटन होऊन गेलं होतं आणि ‘आमच्या लेखिका’ या पानावर सतरा गणपती ओळीने बसले होते. प्रत्येकाखाली एक मुलगी. उंची, रंग, रास, नाडी, जन्मवेळ, मामाचं गाव, वडिलांचा फोन. शिवानीने समुद्री कासवांवर इतका सुंदर लेख लिहिलाय, तिच्या परिचयात ‘रंग : निमगोरा, स्वभाव : मनमिळाऊ, चष्मा : नाही’. हेतलच्या वडिलांनी स्वतः लक्ष घातल्यामुळे तिच्या परिचयात त्यांच्या दुकानाची वेळही होती. फोटो स्टुडिओतले, साडीतले, मागे बर्फाचे डोंगर. सदाभाऊंना विचारलं, तुम्हाला काहीच खटकलं नाही? ते म्हणाले, खटकलं की, दोघींच्या जन्मवेळा राहिल्या होत्या, त्या फोन करून भरून घेतल्या.

मी सतराही जणींना वर्गात बसवलं आणि अर्धा तास बोलले. लेखिका म्हणजे कोण, तिची ओळख कशाने होते वगैरे. (चांगलं बोलले. तुम्ही असतात तर झोपला असतात, पण चांगलं बोलले.) त्यावर राही उभी राहिली. राही ही आमची सगळ्यात बरी लिहिणारी मुलगी, तिसऱ्या वर्षाला आहे. वडील धर्माजी मासेमारीला जातात, आई बोंबील वाळवते आणि विकते. ती म्हणाली, “मॅडम, आमच्यात पोरीचा परिचय एकदाच लिवतात. तोच लिवला.” मी म्हटलं, मग माझा वाच की, संपादक म्हणून मी दिलाय तो. तिने तो वाचला होता. “त्यात नुसत्या डिग्र्या हायत मॅडम. तुमी न्हाय.” मला फार राग आला. घरी येऊन माझा परिचय काढला तर एम.ए., बी.एड., नेट, सेट, अनुभव अकरा वर्षं, तासिका तत्त्वावर. नोकरीसाठी मांडलेलं स्थळच ते, फक्त नाडी नव्हती.

मी पान उतरवा म्हटलं तर प्राचार्य ऐकेनात, कारण ते पान चार दिवसांत नऊ हजार जणांनी पाहिलं होतं. एवढे वाचक आपल्या कॉलेजला कधी लाभले, म्हणाले. वाचक कसले. ऑफिसात फोन सुरू झाले. एका बाई मुलाला घेऊन थेट गेटवर आल्या आणि शिपायाला म्हणाल्या, वरून तिसरी दाखवा. सदाभाऊंनी पान असं मांडलंय, की फोटो आणि परिचय वर दिसतो, आणि लेख वाचायचा तर खाली ‘पुढे वाचा’ हे बटण दाबावं लागतं. ते बटण आजवर एकूण चार वेळा दाबलं गेलंय. त्यातल्या तीन वेळा मी.

इथवर हसण्यासारखं होतं. पण राहीला स्थळ आलं. श्रीवर्धनकडचं, मुलगा ऋत्विक मोठ्या जहाजावर नोकरीला, सुट्टीवर आलाय आणि मेच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार. म्हणून त्याच्या आईला, चंद्राबाईंना, लग्न एप्रिलातच उरकायचंय. राहीची शेवटची परीक्षा एप्रिलात आहे. पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, ते बघायला यायचेत, आणि पसंत पडली तर तिथेच सुपारी फोडायची. धर्माजींना भेटायला मी बंदरावर गेले. फाटलेलं जाळं तुणत बसले होते, मला खुर्ची मागवली, सरबत मागवलं. मी परीक्षेचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “मॅडम, पोरगी लग्नाची हाय असं तुमीच छापलंत ना? मंग आता तुमीच कशा नको म्हनता?” परीक्षा काय पुढल्या वर्षी देता येईल, असंही म्हणाले. पुढल्या वर्षी कोण देतं, आत्या? अकरा वर्षांत अशा किती मुली गेल्या, एकही परत आली नाही. माणूस वाईट नाही. आलेल्या स्थळाला आपण होऊन नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलंय. मी सरबत प्यायले आणि परत आले. मला स्वतःची फार लाज वाटली, कारण ते खरंच बोलले.

असो. आंब्याला यंदा मोहोर बरा आहे. तुमच्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवलेत, राहीच्या आईचेच आहेत. तब्येतीला जपावं.

तुमची,
नेत्रा

ता.क. चंद्राबाईंकडे ते पान पोचलं कसं, याचा छडा लागला. हरिहरेश्वरहून परतताना रेंज आल्याबरोबर, पान उघडून न बघताच, मी कौतुकाने तुम्हाला लिंक पाठवली होती. (वाचून कसं वाटलं ते कळवा, असंही लिहिलं होतं. तुम्ही अंगठा पाठवलात.) ती तुम्ही तुमच्या ‘शुभमंगल’ गटात टाकलीत, आणि वर लिहिलंत, ‘सुशिक्षित मुली, एकाच ठिकाणी सतरा’. तेव्हा नऊ हजारांतले निदान सहा हजार तरी तुमचे. मी रागावलेली नाही. आहे, पण ते पुन्हा कधी.

ता.क. २. मुद्द्याचं काम हे. चंद्राबाई दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. त्यांना रविवारच्या आत एवढंच सांगा, की ‘पुढे वाचा’ दाबा. राहीचा लेख आहे ‘बघायला आलेली माणसं’. तिच्या चुलत बहिणीला, तुळशीला, बघायला आले होते त्या दिवसाचं सगळं वर्णन आहे. कोण किती भजी खाऊन गेलं, कुणी मुलीला चालून दाखव म्हटलं आणि स्वतःला उठताना दोघांचा हात लागला, कुणी घराचे पत्रे मोजले. असं लिहिणारी सून घरात आणायला चंद्राबाई धजणार नाहीत. नकार त्यांच्याकडून आला की धर्माजींची मान खाली जात नाही आणि पोरगी परीक्षेला बसते. हे राहीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, “वाचूं दे की. वाचायलाच लिवलाय.”

ता.क. ३. तुम्ही आधी स्वतः वाचा. तुळशीचं स्थळ कुणी आणलं होतं ते आठवतंय ना? तिसऱ्या परिच्छेदात एक मध्यस्थ बाई आहेत. कपाळावरचा चष्मा त्या घरभर शोधतात आणि ‘मला नको, नुसती चव बघते’ म्हणत कोलंबीची सात भजी संपवतात. नाव दिलेलं नाही. मी संपादक म्हणून सातची पाच केली होती, राहीने पुन्हा सात केली.

ता.क. ४. सतराही जणींनी परिचय हाताने नव्याने लिहिलेत. माझा अजून कोराच आहे, दोन ओळींवर जात नाही. राहीचा सोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे. विनेशचा नमुना तिच्या डोक्यातून पुरता गेलेला नाही, शेवटी ‘अपेक्षा’ हा रकाना तिने ठेवलाच आहे. त्यात लिहिलंय : ‘शेवटचा पेपर एकोणतीस एप्रिलला साडेपाचला सुटतो. त्याआधी कुणी बघायला येऊ नये. वाचायला यावं.’ बाकी पत्राचं काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? या एका कागदाचा मात्र फोटो काढावा, आणि सगळ्या गटांत पाठवावा.