बाकूले जाऊन मी काय करू?

४ मार्च, मंगळवार

तिकीट झालं म्हणे! दोन एप्रिलचं. नागपूर, दिल्ली, आन् तिथून सरळ परदेशात, बाकूले. खुशबूचा आठवा सरत आला, डॉक्टर तिले विमानात बसू देत नाही. जावई तिकडंच नोकरीले. देवकाबाईनं कुंपणावरूनच सुनावलं — "पहिलं बाळंतपण माहेरचं वं! पोरगी येत नाही तं माहेरानं उठून जावं."

उठून जावं! बोलाले काय जाते. दोन जावांची बाळंतपणं म्या काढली. सासू अंथरुणावर होती, तिचं सगळं म्याच केलं. अंगणवाडीतली लेकरं तं रोजचीच. आता हाडं कुरकुरून राहिली. पण पोटची पोर आहे. साकोलीहून डिंक, मेथी, अळीव, बाळंतशोप आणाले सांगितलं.

७ मार्च

खुशबूनं मोबाईलवर सूचना धाडल्या. जुन्या शहरातल्या फरशा गुळगुळीत आहेत, घसरणार नाहीत अशा चपला आण. वारा भयंकर, पदराले पिन लावून ठेव. मेट्रोले आन् बसले एकच कार्ड चालते. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून नाही कराची. गालिच्यांचं संग्रहालय पाहाचंच, जुना बुरूज सकाळीच चढाचा, मंग गर्दी होते.

आन् मालिशीले तेल कोणतं मिळते, शेकाचं काय, बाळाले कोवळ्या उन्हात कुठं धरू — एक अक्षर नाही!

११ मार्च

अंगणवाडीत वजनं, नोंदी, घरी म्हशी. थकली. लिहवत नाही.

१५ मार्च

जावयाचा फोन. भुपेंद्र म्हणे, "आई, बाकूचा समुद्र खरं तं तलावच आहे. जगातला सगळ्यात मोठा." खुशबूचे बाबा किती हसले! "तलावच पाहाचा तं एवढ्या दूर कायले? आपला एकोडीचा आटला काय?" मी बी हसली. पण मनात खुटखुट लागली. म्या विचारलं, डॉक्टरनं तारीख काय सांगितली? तं भुपेंद्र म्हणे, "तुम्ही नका टेन्शन घेऊ, तुम्ही फक्त फिराचं." बाळंतपणाले जाणारी बाई फिरते काय?

१९ मार्च, बुधवार

आज समजलं सगळं. व्हिडिओ कॉल सुरू होता आन् मागं स्वयंपाकघरात सुलोचनाबाई! भुपेंद्रची माय. वरठीहून जाऊन आठ दिवस झाले, मले कोणी सांगितलंबी नाही. वरून गोड गोड बोलते — "काळजी नका करू विहीणबाई, मी आहे ना. तुम्ही आरामात फिरा."

फिरा! पहिलं बाळंतपण सासूच्या हातानं, आन् माय गावभर हिंडते! देवकाबाईले काय तोंड दाखवू? जीव कडू कडू झाला. खुशबूच्या बाबाले म्हटलं, तिकीट परत करा, मी नाही जात. ते म्हणे, "डोकं थंड होऊ दे आधी." डोकं थंड! यांचं डोकं तं सदाच थंड. रागारागानं डिंक फडताळात वर टाकून देला.

२१ मार्च

दोन दिवस फोन उचलला नाही. आज उचलला. सरळ विचारलं — "मले पाहुणी कायले करतेस? मायची लाज वाटते काय?"

पोरगी रडालेच लागली. म्हणे, "आई, तुले ज्यानं बोलावलं, राबालेच बोलावलं. काकूनं, मामीनं, आजीनं. म्या ठरवलंच होतं, मी बोलावीन तं राबाले नाही. म्हणून सासूबाईले आधी आणलं. त्याईले सांगितलंबी — माझी आई थकली आहे."

थकली आहे. हे तिनं त्या बाईले सांगितलं. या घरात मले कोणी आजवर विचारलं नाही.

राग काही गेला नाही. पण संध्याकाळी न घसरणाऱ्या चपला विकत घेतल्या.

३ एप्रिल, बाकू

पोचली. वारा तं असा, उभं राहू देत नाही! पोर केवढी गोल झाली, माय वं. जेवण झाल्यावर ताट उचलाले गेली तं सासू-सुनेनं दोघींनी हात धरला. आता बसली आहे. अंगाले काम नाही तं झोप कशी येईल?

७ एप्रिल

मेट्रोचा जिना पाताळात जाते बाप्पा! मी तोंडाशीच अडून राहिली. एका अनोळखी बाईनं हाताले धरून उतरवलं. सुलोचनाबाईचे पाय सुजले आहेत. म्हटलं, मी करते पोळ्या, तं ऐकत नाही. तशी बाई वाईट नाही.

आज दुपारी झोपली. भर दुपारी! जाग आली तं आधी घाबरलीच, कोणाचं काय राहून गेलं म्हणून.

११ एप्रिल

नात झाली. तासाभरातच! मी तेव्हा समुद्राकाठी एकटी बसून कोरा चहा पिऊन राहिली होती. दवाखान्यात नेताना खुशबूनंच भुपेंद्रले बजावलं म्हणे — "आईले फोन नाही कराचा. तिचा चहा होऊ दे."

उभ्या जन्मात माझा चहा कोणी पुरा होऊ देला नव्हता. पण वं पोरी — आज तरी बोलवाचं होतं!